तुरटी तळ्यात गेली ती दुपार

मुलांनो, निवृत्तीच्या आदल्या पावसाळ्यात मी कोल्हापूरच्या एका फिल्टर हाऊसच्या प्रयोगशाळेत होते. त्या दिवसांत नदीचं पाणी चहासारखं गढूळ येतं. ते निवळायला तुरटीचं द्रावण लागतं, म्हणून अंगणातली मोठी टाकी काठोकाठ भरलेली असायची. टाकी गळली तरी द्रावण बाहेर जाऊ नये म्हणून तिच्याभोवती कंबरेइतकी भिंत होती. भिंतीच्या आत पावसाचं पाणी साचायचं, ते सोडायला तळाशी एक झडप. पाणी सोडून झालं की झडप लगेच बंद करा, असा नियम मी ठळक अक्षरांत लिहून पाटी लावली होती. त्या पाटीच्या खिळ्याला सगळे रेनकोट अडकवत.

आमच्याकडचा पाऊस तुम्ही पाहिला आहे. आतलं पाणी सोडून दिलं की थोड्या वेळात पुन्हा तेवढंच. झडपा-पाइप बघणाऱ्या आमच्या फिटरला मी बजावायचे, तो हसायचा.

"बाई, झडप लावली की तळं हुतंय बगा. पोहाय येतासा काय?"

हळूहळू ती उघडीच राहू लागली.

एका दुपारी टाकीच्या बुडाचा सांधा निखळला. फिटर हाका मारत आला तेव्हा द्रावण उघड्या झडपेतून गटारात चाललं होतं. त्याने झडपेचं चाक आवळलं, पण इतके दिवस न हलल्यामुळे आत गाळ बसला होता. चाक अर्ध्यावर अडकलं. आम्ही झडपेपुढच्या पाइपाच्या तोंडात पोती कोंबली. धार बारीक झाली, थांबली मात्र नाही. ते गटार उतारावरच्या मासळीच्या तळ्यात जातं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तळं एका मुसलमान जोडप्याचं. नवरा बाजारात गेला होता. बायकोला सगळे चाची म्हणत, मीही म्हणायचे. मी चिखलातून पोहोचले तेव्हा पाणी पांढुरकं झालेलं होतं आणि तळ्यात पाणी घेणारी मोरी ती मातीच्या पोत्यांनी बुजवत होती. मोरीजवळचे मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

"काय सोडलासा, मॅडम?"

"तुरटी. पुष्कळ."

"मग काढा की आता."

फिटरने मोटारसायकलवरून चुन्याचं पोतं आणलं आणि सरळ तळ्यात उलटं करायला निघाला. मी त्याचा हात धरला. तुरटीचा आंबटपणा चुन्याने मरतो, पण जास्त झाला तर तोच चुना माशांना मारतो. मी बादलीत थोडा चुना कालवला, मगाने काठाकाठाने ओतला, आंबट पाण्यात नारिंगी आणि साध्या पाण्यात हिरवी होणारी कागदाची पट्टी बुडवली आणि थांबले. पट्टी नारिंगीच राहिली. पुन्हा एक मग. पुन्हा थांबले.

"मासं मराय लागल्यात आणि तुमी कागूद बघतासा?"

मी पुढचा मग ओतला, मापापेक्षा जास्त नाही.

बऱ्याच वेळाने पट्टी हिरवट दिसली. वर आलेली तोंडंही दिसेनाशी झाली.

"खाली गेलं ती जित्ती हाईत का मेली?" चाचीने विचारलं.

"आत्ताच सांगता येणार नाही."

तिने घरातून कोंड्याची पाटी आणली. पलीकडच्या काठावरून मूठभर टाकला, तर पाणी खळबळलं, मासे झेपावले. टाकत टाकत ती आमच्याकडे येऊ लागली. मोरीपाशी टाकलेला कोंडा तसाच तरंगत राहिला, वरून पाऊस. तिने पाटी खाली ठेवली.

"झडप लागली काय?" तिने फिटरला विचारलं.

"पुरी न्हाय, चाची. पोती कोंबल्यात."

"मग हितं काय करतोयस? जा की वर, त्या पोत्यांवर बस जा."

तो चढ चढून गेला. मी नवी पट्टी बुडवली. ती पुन्हा नारिंगीकडे झुकायला लागली होती; मोरीच्या पोत्यांमधून पांढुरकं पाणी अजून झिरपत होतं. मी बादली जवळ ओढली आणि चुना ढवळायला घेतला.