श्वास येतोय ना?

बाईंची पहिली ओळख म्हणजे त्यांचा हात. उजव्या हाताची पालथी बाजू त्या समोरच्याच्या नाकापाशी धरायच्या, क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "येतोय. श्वास येतोय."

माझ्या नाकापाशी तो हात पहिल्यांदा आला तो लिफ्टच्या दारात. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत मी नुकतीच राहायला आले होते. चेअरमननी लिफ्टवर कागद चिकटवला होता, 'ॲनिमल्सना लिफ्टमध्ये मनाई आहे.' मी बटण दाबणार, तेवढ्यात पांढऱ्या साडीतल्या, चष्मा लावलेल्या एक बाई पुढे आल्या आणि त्यांनी सरळ माझ्या नाकासमोर हात धरला. मी दचकून मागे सरले. म्हटलं, काय येडं माणूस आहे!

"श्वास येतोय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही ॲनिमल. मीही ॲनिमल. चला, जिन्यानं जाऊ."

आणि खरंच जिन्यानं गेल्या की हो! दमा असलेली बाई, दर वळणावर कठड्याला टेकत होती, पण लिफ्टकडे बघायला तयार नाही. हे त्यांनी चेअरमननी कागद बदलेपर्यंत चालवलं. नव्या कागदावर 'पाळीव कुत्र्यांना' असं लिहून आलं, तेव्हा बाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "आता निदान आपण तरी वर जाऊ शकतो."

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल. त्याच्याशी भांडावंसं वाटतं आणि भांडायला गेलं तर चहा घेऊन परत यावं लागतं.

बाई महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान कारखान्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा खराडीला, आयटीत. घरात बुद्धाची तसबीर, एक लोखंडी कपाट आणि बाकी सगळीकडे शांतता. मी त्यांच्या समोरच्या दारात ब्लाउज शिवायचं काम करते. माझं मशीन आणि माझं तोंड, दोन्ही दिवसभर चालू. बाईंना दोन्हींचा त्रास होत नसे, असं त्या म्हणत.

'ॲनिमल' शिकवताना बाई फळ्यावर गाय-कुत्रा काढत नसत. पोरांना एकमेकांच्या नाकापाशी हात धरायला सांगत. बाकाला श्वास येतो का? नाही. दप्तराला? नाही. शेजारच्याला? येतो. मग तो ॲनिमल. पोरं खिदळायची, पण शब्द जन्मात विसरायची नाहीत. एकदा एका मुलाची आई तणतणत आली. "माझ्या पोराला जनावर म्हणता? मास्तरीण आहात की कोण?" बाईंनी तिच्याही नाकापाशी हात धरला. म्हणाल्या, "ताई, तुम्हीसुद्धा." ती आई पुढे दर संक्रांतीला बाईंकडे तिळगूळ घेऊन येत राहिली.

मी एकदा माझ्या नवऱ्यावर ओरडत होते, "जनावरासारखं काय जेवता!" बाई दारातून म्हणाल्या, "अगं, जनावर असं ताट सांडत नाही. उगाच बदनामी नको." वरच्या मजल्यावरचा जिमला जाणारा पोरगा आपल्या मित्राचं कौतुक करायचा, "भाऊ, ॲनिमल आहे तो!" ते ऐकून बाई खूश. "बघ, आमच्या काळी हा शब्द ऐकला की भांडणं व्हायची. आता बक्षिसासारखा देतात. दिवस पालटले गं शब्दाचे." आणि सकाळची वंदना संपताना सगळ्या प्राणिमात्रांचं मंगल होवो, असं म्हणून झालं की हाक मारायच्या, "त्यात तूही आलीस बरं का! चहा टाकलाय."

भुऱ्या यातूनच आला.

भुऱ्या म्हणजे आमच्या गेटवरचा भटका कुत्रा. एका सकाळी त्याला टेम्पोनं उडवलं. गेटशी निपचित पडला होता. चेअरमन म्हणाले, "ॲनिमल गेलं. गाडी बोलावून उचलायला सांगा." आम्ही सगळे नाकाला पदर-रुमाल लावून उभे. बाई खाली आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी कुत्र्याच्या नाकापाशी हात धरला. किती तरी वेळ धरला. आम्हाला वाटलं, आता ही बाई रडणार.

"येतोय," बाई म्हणाल्या. "रिक्षा थांबवा कुणी तरी."

कुत्रा जगला. मागचा एक पाय लंगडा राहिला, तेवढंच. तो पाण्याच्या टाकीशेजारी राहू लागला आणि बाई त्याला रोज सकाळी दूधपोळी घालू लागल्या. आधी नाकापाशी पालथा हात, मग वाडगा. हा क्रम कधी मोडला नाही. बुद्धपौर्णिमेला बाई अख्ख्या इमारतीला खीर वाटत. त्या वर्षी पहिली वाटी भुऱ्याला गेली. चेअरमन कसनुसं हसून म्हणाले, "आमच्या आधी याला?" बाई म्हणाल्या, "अहो, तो रांगेत आधी उभा होता."

मी मात्र कुत्र्यांना भिते. आजही भिते. लहानपणी एकानं पिंडरी धरली होती, तेव्हापासून कुत्रं दिसलं की मी जीव मुठीत धरते. बाई भुऱ्याला घालायच्या, मी चार हात लांबून गप्पा मारायचे.

मग बाईंचा दमा वाढला. जिना तर सोडाच, दारापर्यंत येताना धाप लागायची. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. मुलगा खराडीहून रोज यायचा, विनवायचा, "आई, चल माझ्याकडे. इथे रात्री काही झालं तर?" बाई ऐकेनात. मुलाच्या सोसायटीत भटकं कुत्रं नेता येणार नव्हतं आणि इथे बाई गेल्या की चेअरमन भुऱ्याला कुठे तरी सोडून येतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा एके दिवशी माझ्यासमोर रडकुंडीला आला. "काकू, ती एका कुत्र्यासाठी मरेल हो!"

मी तडक आत गेले. म्हटलं, "बाई, पुरे झाला हट्ट. मी घालीन त्याला. चेअरमनशी भांडायचं काम माझं. तुम्ही जा."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू? तुला तर तो शेपूट हलवतो त्याचीही भीती वाटते."

"वाटू दे. भीती माझी आहे, मी बघून घेईन."

बाई गेल्या. गाडीत बसताना भुऱ्याच्या नाकापाशी हात धरला, मग काच वर केली.

दुसऱ्या दिवशी मी वाडगा ठेवला आणि पळाले. भुऱ्यानं तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दूध नासलं, पोळीवर माश्या बसल्या. तो नुसता बाईंच्या जिन्याकडे बघत पडून. चेअरमन म्हणाले, "वहिनी, उपोषणाला बसलाय वाटतं." मी म्हटलं, "तुमच्याविरुद्धच असेल." पण मनात एकच घोळत होतं. जबाबदारी घेतली आणि जीव जातोय की काय!

शेवटी बाईंना व्हिडिओ कॉल लावला. नाकाला नळी, चेहरा एवढासा झालेला. मी सांगितलं, "खात नाही हो तुमचा भुऱ्या."

"हात धरलास?" बाईंनी विचारलं.

"कसला हात?"

"नाकापाशी गं. तो वाट बघतोय."

अगं आई गं! ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रोज वाडगा लांबून ढकलून पळत होते. मी फोन टाकीवर टेकवला, डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केला. बराच वेळ काही नाही. मग पालथ्या हातावर ऊन ऊन वारा लागला, ओलसर, संथ. मी डोळे उघडले तेव्हा भुऱ्याचं तोंड वाडग्यात होतं. फोनमधून बाई हसत होत्या, हसता हसता खोकत होत्या.

तेव्हापासून हा क्रम माझा झाला.

बाईंना शेवटचं भेटायला मी खराडीला गेले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. तोंडावर मास्क. मी आपली मशीनसारखी बोलत राहिले. भुऱ्या जाड झालाय, चेअरमननी परवा स्वतः त्याला बिस्किट घातलं आणि मी पाहिल्यावर खिशात हात घालून शीळ घालायला लागले. बाईंचे डोळे हसले. मग त्यांनी हळूहळू हात उचलला. तो माझ्या नाकापाशी आणायला त्यांना फार कष्ट पडले. मी मुद्दाम मोठा श्वास सोडला. बाईंनी मान हलवली. मला त्या बाईंची इतकी माया होती, हे मला तिथे, त्या पलंगाशी कळलं.

काही दिवसांनी सकाळी बाईंच्या मुलाचा फोन आला. मी पोळी कुस्करत होते. फोन ठेवला, दूध ओतलं आणि वाडगा घेऊन खाली गेले, कारण त्या वेळी दुसरं काय करायचं ते सुचेना.

टाकीपाशी पोचले. मी फरशीवरच बसले, पदर तोंडात कोंबून रडायला लागले. हात धरायचा राहिलाच. भुऱ्या वाडग्याकडे गेला नाही. लंगडत माझ्याकडे आला, इतका जवळ की एरवी मी किंचाळले असते. त्यानं आपलं नाक माझ्या नाकापाशी आणलं आणि तसाच उभा राहिला.

"येतोय रे," मी म्हटलं. "श्वास येतोय."

मग तो वळला आणि खायला लागला.