अकरा चाळीसचा निळा टेम्पो

खंडाळ्याच्या एका हॉटेलात मी सहा वर्षं रिसेप्शनला होते. पाहुण्यांना भुताच्या गोष्टी हव्या असतात, म्हणून दोन-तीन मी स्वतःच रचून सांगितल्या आहेत... तेव्हा माझा असल्या गोष्टींवर किती विश्वास असेल ते समजून घ्या. हे मात्र रचलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका खासगी एजन्सीकडे वाहनं मोजायचं काम घेतलं. कुसगावच्या पुढे डोंगरात चढणारा राज्यमार्ग रुंद करायचा होता, त्यासाठी आठवडाभर, सकाळी आठ ते चार, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची गणती. मी खाली, चढ सुरू होतो तिथे. वर खिंडीत गायकवाड काका – रेल्वेतून निवृत्त झालेले फाटकवाले. मधल्या चार किलोमीटरमध्ये एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. एकही फाटा नाही. खालून चढलेली गाडी एक तर वर पोचणार, नाही तर वळून खाली येणार.

पहिल्या संध्याकाळी आमचे तक्ते जुळवले, तर वरच्या तक्त्यात एक टेम्पो कमी. कोणता ते मला लगेच आठवलं. अकरा चाळीसला गेलेला निळा टेम्पो, मागे सात-आठ बायका, लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या. दुसऱ्या दिवशी तोच टेम्पो, त्याच वेळेला – आणि वर पुन्हा नोंद नाही.

मला वाटलं, काकांचा डोळा लागत असणार. वय झालेलं, सावलीची जागा... तिसऱ्या दिवशी टेम्पो गेल्या गेल्या त्यांना फोन केला आणि पंधरा मिनिटं चालूच ठेवला. ते म्हणत राहिले, रस्ता मोकळा आहे. मला तेही खरं वाटेना. संध्याकाळी जरा तिरकसच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तीस वर्षं फाटक सांभाळलं. गाडी आली आन् मला दिसली न्हाई, आसं एकदा बी झालं न्हाई."

तरीही मी सुपरवायझरला सांगितलं. त्यांनी काकांना उद्यापासून येऊ नका म्हणून कळवलं.

चौथ्या दिवशी वर मी बसले. खाली प्रणाली नावाची नवी मुलगी. तिला टेम्पोबद्दल मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. अकरा चाळीसला फोन करून विचारलं, आत्ता काय गेलं? म्हणाली, निळा टेम्पो, मागे बायका आहेत.

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने एक दूधवाला मोटरसायकलवरून वर आला. त्याला थांबवून विचारलं, पुढे टेम्पो होता का?

"व्हय, व्हता की. बायका बसल्या व्हत्या मागं. वळणावर पुढं गेला." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "हितूनच गेला आसंल. तुमचं ध्यान नसंल."

स्कूटर काढून मी सगळा उतार पालथा घातला. कठडा कुठे तुटलेला नाही, टायरची घसरलेली खूण नाही. सुपरवायझरला फोन केला, तर ते हसले. तुम्हालाही झोप लागली वाटतं, म्हणाले.

संध्याकाळी कुसगावला काकांच्या घरी गेले आणि माफी मागितली. ते रागावले नाहीत. काकूंना चहा टाकायला सांगितला, आणि मग म्हणाले,

"ताई, म्या चारदा इचार केला. तुमी खाली बसायच्या. त्या बायका म्हागारी येताना दिसल्या का कधी?"

पर्समधून मी तक्ते काढले. खाली येणाऱ्या गाड्यांचा रकाना तीन वेळा वाचला. तो टेम्पो एकदाही परत आलेला नव्हता. आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आलं – रोज त्याच बायका होत्या, रोज त्याच साड्यांमध्ये.

मी सांगितल्यावर सुपरवायझरनी काकांना पुन्हा कामावर बोलावलं, पण ते गेले नाहीत. मीही दुसऱ्या दिवसापासून ते काम सोडलं. त्या बायका कुठे जातात, हे मला आजही सांगता येत नाही.