लांबड्या गाडीचं मूळ

आमच्या काकांची मोटारसायकल रेसची आहे, यावर अख्ख्या गावात दोघांचाच विश्वास होता. एक काकांचा, दुसरा माझा. त्यातला माझा पक्का होता, असं आता म्हणावं लागतं.

गाडी होतीच तशी विचित्र. मागचं चाक इतकं मागे गेलेलं, की ते दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं वाटावं. दिवा नाही, मडगार्ड नाही, बसायला ताटलीएवढी सीट आणि खाली मध्येच पोट फुगलेला सायलेन्सर. काका सांगायचे, "विलायती हाय ही. दोन गाड्या सरळ रस्त्यावर शेजारी उभ्या करायच्या अन् पाव मैल सुसाट सोडायच्या. वळण न्हाय, कायबी न्हाय. हैदराबादचा एक साहेब देश सोडून जाताना मला देऊन गेला." गावाचं म्हणणं, कडबा वाहायला लांब करून घेतलीय. अणदूरच्या रस्त्यावरच्या टपरीवर काका दिसले की कुणीतरी विचारणारच, "काय काका, आज किती पेंढ्या?" काका हसायचे, पण चहा अर्धा टाकून उठायचे. मला ते बघवायचं नाही.

म्हणून मी ठरवलं, या गाडीचं कूळ-मूळ शोधायचं आणि पुरावा त्या टपरीच्या बाकड्यावर आपटायचा. मी धाराशिवला नोकरीला आहे आणि मला कॉलेजपासून जुन्या गाड्यांचं वेड आहे. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर जीव टाकणाऱ्या रिकामटेकड्यांचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुपही आहे. तिथे मी फोटो टाकले. ड्रॅग रेसची गाडी आहे, हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं. मला हर्ष झाला. प्रश्न उरला, कुठली? मागचं चाक धरणारा जो लांब लोखंडी चिमटा असतो, त्याच्या दोन्ही दांड्यांना दोन-दोन भोकं होती. एकाने लिहिलं, वजन घटवायला अशी भोकं पाडायची पद्धत इंग्लंडची. दुसरा म्हणाला, अमेरिकेची. झालं, जुंपली. एक जण रागाने ग्रुप सोडून गेला आणि जेवण करून परत आला. दोन भोकांनी वजन घटून घटून किती घटणार, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मीही नाही. शेवटी सगळे म्हणाले, इंजिनाचा नंबर आण.

नंबर होता शेंदराखाली. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं धुऊन पुजतात, खुरप्यापासून ट्रॅक्टरपर्यंत. त्या दिवशी काका तेलात कालवलेला शेंदूर गाडीला लावायचे आणि दर वर्षी इंजिनाच्या नेमक्या त्याच जागी थापायचे. थरावर थर चढून इंजिनाला पार देवपण आलेलं. मी खरवडू का म्हटलं की काका म्हणायचे, "देवाच्या अंगाला नख लावू न्हाय, पोरी." देवाचं नाव काढल्यावर आपण काय बोलणार? मी नुसती जळफळायची. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच माणूस आडवा येतोय म्हणजे काय!

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून गावी गेले. काका फुलं आणायला बाजारात गेले होते. वडील आणि मी अंगणात अवजारं धूत बसलो. वडील काकांपेक्षा मोठे. अवजारं धुताना त्यांचं एक पालुपद ठरलेलं असतं. आजोबांची चार फणांची लोखंडी पाभर, म्हणजे पेरणीचं औत, ज्वारीच्या ऐन पेरणीत चोरीला गेली होती. वडिलांचा संशय शेजाऱ्यावर. त्या घरचं लग्न असो की बारसं, वडील अजून पाणीसुद्धा पीत नाहीत. यंदाही शेजाऱ्याचा उद्धार करून झाला आणि ते बादली घेऊन आडावर गेले.

तेवढ्यात मी रॉकेलचा बोळा आणि विळा घेऊन गाडीला भिडले. देवाचं देवाशी बघू म्हटलं. शेंदूर पापुद्र्यांनी निघाला आणि खालून नंबर वर आला. त्या आकड्यांनी माझं तोंडच उतरलं. आपल्याकडचे दूधवाले ज्या टू-स्ट्रोकवर कॅन लादून फिरायचे, तिचंच हे इंजिन. विलायत गेली उडत. मी मुकाट्याने चिमटा पुसायला घेतला. भोकात फडकं घालताना हात थबकला. अशाच भोकांत मी आत्ताच फडकं घातलं होतं. शेजारी नवी पाभर धुऊन ठेवली होती. तिच्या आडव्या दांडीला फण बसवायची चार भोकं, एकमेकांपासून हातभर लांब, कारण आमच्याकडे ज्वारीच्या दोन ओळींत तेवढंच अंतर ठेवतात. चिमट्यावर हात लावून बघितला. बरोब्बर हातभर. कुणीतरी पाभरीची दांडी मधोमध कापून गाडीला जोडली होती.

मी मान वर केली, तर समोर काका उभे. हातातली झेंडूची पिशवी कलंडलेली.

"काका, ही इंग्लंडची भोकं हायत व्हय?" मी विचारलं.

काका मटकन ओट्यावर बसले. म्हणाले, "साहेब-बिहेब कुणी न्हाय. सोलापूरला गॅरेजात कामाला हुतो. रद्दीत एका विलायती मासिकात फोटो बघितला, अन् याड लागलं. म्याच केली."

म्हणजे फोटोवर बघून, कानशीने घासून, पत्रा वाकवून या माणसाने रेसची गाडी उभी केली होती. मला इतका अभिमान वाटला की मी ओरडलेच, "मग म्या केली म्हणून सांगायचं की! गावाचं कशाला ऐकून घेतलं?"

"लोखंड कुठनं आणलं, म्हणून इचारलं असतं," काका म्हणाले. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. मी मागे वळले. वडील भरलेली बादली धरून उभे होते.

आता काही खरं नाही, असं मला वाटलं. काका लहान पोरासारखे उठून उभे राहिले. वडिलांनी बादली ठेवली, चिमट्यावरून हात फिरवला, प्रत्येक भोकात बोट घालून बघितलं.

"पळाली का?" वडिलांनी विचारलं.

"पळाली, आण्णा. तेरखेड्याच्या फटाक्यातल्या बाणावानी."

"जितलास?"

इतक्या वर्षांत हे काकांना कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. गाडी कुठली, गाडी कुठली, एवढंच माझं चाललेलं.

"न्हाय," काका म्हणाले. "सुटायच्या टायमाला बंद पडली. ढकलल्याबिगर चालू व्हत नव्हती. बाकीच्यांसंगं माणसं हुती, म्या एकलाच गेलतो. ढकलंस्तवर दुसरा गडी पार पोचला."

वडिलांचा आवाज एकदम चढला. इतकं चिडलेलं मी त्यांना शेजाऱ्यावरसुद्धा कधी बघितलं नव्हतं.

"मला सांगायचं न्हाय व्हय रं? म्या आलो असतो की ढकलायला!"