टॅबवरचे चौऱ्याण्णव टक्के

जूनचा दुसरा सोमवार. रक्कम अठरा हजार रुपये, रोख. हजर मी, पत्नी, बारावीत गेलेली आमची मुलगी आणि लातूरच्या एका क्लासचा व्यवस्थापक. पैसे टॅबचे आणि त्यातल्या फिजिक्सच्या सॉफ्टवेअरचे. फिजिक्समध्येच मुलगी अडत होती.

व्यवस्थापक म्हणाला, "काका, पोरगी कुठं कच्ची हाय ते कॉम्प्युटर बरोबर वळखतो. मास्तराला साठ पोरांत काय दिसतंय?"

पत्नी म्हणाली, "अन् हिला काही इचारायचं असलं तर?"

"मावशी, इचारायची पाळीच येत न्हाई."

हे मला पटलं, याची लाज अजून वाटते. रोज संध्याकाळी टॅबवरून माझ्या मोबाइलवर तिचे टक्के यायचे. मी ते घरच्या ग्रुपवर टाकायचो, नांदेडचा मेहुणा शाबासकीच्या अंगठ्याची खूण टाकायचा. दिवाळीपर्यंत आकडा चौऱ्याण्णववर गेला.

सहामाहीत तिला सत्तरपैकी एकोणीस मिळाले.

मी तिला समोर बसवून टॅब चालवायला लावला. प्रश्नाखाली चार पर्याय. पहिला दाबला, चूक. दुसरा चूक, तिसरा चूक. चौथा दाबला आणि हिरवी खूण आली: 'पूर्ण'.

"चार वेळा दाबल्यावर कुणाचंही बरोबर येईल की!"

"पप्पा, मी तीनदा म्हणलं होतं, शाळेतल्या जुन्या सरांकडं जाऊ का. तुम्ही म्हणलात, चौऱ्याण्णव टक्के हायेत, कशाला?"

टक्के कसले, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. दुकानात वजनकाटा तपासून घेणारा माणूस मी.

क्लासमध्ये गेलो. व्यवस्थापक म्हणाला, "मशीन बरोबर हाय काका, पोरगीच ध्यान देत न्हाई." मी टॅब त्याच्यापुढे सरकवला. "तुम्ही न वाचता दाबा. तुम्हीबी पास व्हाल." तो दाबेना. पैसेही परत देईना.

मुलगी चाकूरला, शाळेतल्या तिच्या जुन्या सरांकडे जाऊ लागली. मला वाटलं होतं, ते टॅब फेकून देतील. त्यांनी त्यातलाच, फेकलेल्या गोळ्याचा व्हिडिओ लावला, मध्येच थांबवला आणि विचारलं, "आता गोळा कुठं पडंल? अन् का?" ती चुकली की वहीवर आकृती काढायला लावायचे. व्हिडिओ तोच होता. 'का' विचारायला माणूस लागला.

बोर्डाच्या परीक्षेत तिला फिजिक्समध्ये सत्तरपैकी त्रेपन्न मिळाले. क्लासने एक रुपयाही परत केला नाही. सरांना महिना दीड हजार, चार महिन्यांचे सहा हजार झाले. ते मुलीने स्वतः त्यांच्या हातात दिले.