बारमध्ये रेकॉर्ड केलेली पप्पांची गीतं

नगरहून अमेरिकेला निघाले त्या सकाळी टॅक्सी दाराशी उभी होती आणि पप्पांनी मला हार्मोनियमपाशी बसवलं होतं. ते आमच्या चर्चच्या गायनमंडळाचे प्रमुख. गीतं स्वतः रचायचे, चालीही स्वतःच लावायचे. ड्रायव्हर हॉर्न देत होता. आई म्हणाली, "अहो, विमान चुकेल तिचं." पप्पा म्हणाले, "एक कडवं राहिलंय."

आमच्या चर्चवाल्यांनो, तुमच्यापैकी जे नगरला मागे राहिलात, त्यांना वाटतं ही रूथ, म्हणजे मी, अमेरिकेत जाऊन बिघडली. जे माझ्यासारखे इकडे आलात, ते इथल्या, ओहायोतल्या डब्लिनला घरोघरचे डबे आणून होणाऱ्या पॉटलकमध्ये माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलता. म्हणून सरळच सांगते.

ओहायोत एम.एस. केलं, जॉब घेतला, लग्न केलं. लग्न मोडलं तेव्हा गिटार घेऊन कोलंबसच्या एका बारमध्ये गायला लागले. तिथला डेल हा सत्तरीचा म्हातारा पेडल स्टील, म्हणजे समोर आडवी ठेवून वाजवायची गिटार, वाजवायचा. त्यानं मला आउटलॉ कंट्री शिकवलं: दारूची, तुरुंगाची, फसलेल्या संसारांची गाणी, कुणाची परवानगी न मागता म्हटलेली. मी माझ्या घटस्फोटावर एक लिहिलं. त्यात नवऱ्याला शिव्या होत्या, एक देवालाही होती. ते यूट्यूबवर जोरात चाललं आणि नगरला पोहोचलं. पप्पांनी माझा फोन घेणं बंद केलं. "बागेत आहेत गं," आई सांगायची. भर उन्हाळ्यातही ते बागेतच असायचे.

मागच्या वर्षी आई गेली. दफनविधीला पप्पा माझ्या शेजारी उभे राहून गायले, पण बोलले नाहीत. परत आल्यावर मी ठरवलं, गॉस्पेलचा, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांचा अल्बम करायचा, पप्पांच्या गीतांचा, मराठीतच.

प्रोड्युसर म्हणाला, इंग्लिशमध्ये कर. मी त्यालाच कॅन्सल केलं. मग इथल्या आपल्या मराठी चर्चकडे हॉल मागितला. सुशीलाकाकू तिथलं सगळं बघतात. त्या म्हणाल्या, "आधी ती बारमधली गाणी डिलीट कर. मग हॉल देऊ."

"नाही काकू. तीही माझीच आहेत."

"मग प्रभूची गीतं कुठल्या तोंडानं गाणार?"

"ह्याच."

डेल म्हणाला, आपला बार सकाळी रिकामाच असतो. शनिवारी सकाळी टेबलं भिंतीला लावली, माइक उभे केले. पप्पांना मेसेज टाकला: तुमची गीतं रेकॉर्ड करतेय, चाल तपासाल का? मग व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी उचलला. किती बारीक झाले होते!

"मागे बाटल्या कसल्या?"

"बार आहे, पप्पा. इथंच गाते मी. आणि ती गाणी काढणार नाहीये."

मला वाटलं, आता ठेवतील. मी डेलला खूण केली आणि सुरू केलं. पेडल स्टीलचा तो रडवा, ताणलेला सूर पप्पांच्या चालीखाली असा बसला की डेलनं वाजवता वाजवता डोळे मिटले. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू केलं.

"थांब," पप्पा म्हणाले. "घाई करतेस. तुझी आई इथं श्वास घ्यायची."

मी श्वास घेतला. पुन्हा म्हटलं. बाटल्यांचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, नंतरही नाही. त्यांना ते पटलंय असं मी म्हणणार नाही. पण फोन उचलतात.

त्याच संध्याकाळी मी तिथंच माझी शिव्यांची गाणी गायले. रविवारी चर्चला गेले आणि पुढच्या बाकावर बसले. सुशीलाकाकूंनी वळून पाहिलं, मीही पाहिलं. नगरच्या घराला आता कुलूप लागणार आहे, पप्पा त्यांच्या बहिणीकडे राहायला चाललेत. घर कुठंय, म्हणून विचाराल, तर जिथून मला कुणी उठवायला आलं तरी मी उठत नाही, ते माझं घर. सध्या अशा जागा दोन आहेत, तो बार आणि तो बाक.