पुलावर कोण बसणार

मी चौथी शिकलो. पाचवीत गुरुजींनी फळ्यावर त्रिकोण काढायला बोलावलं, त्या दिवशी शाळा सुटली ती सुटलीच. त्या त्रिकोणानं म्हातारपणी येऊन माझा सूड घेतला.

वालूरला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. चाळीस वर्षं ट्रॉल्या, फाटकं, टाक्यांचे स्टँड केले. माझी ट्रॉली वाकलेली कुणी दाखवावी. ट्रॉली तयार झाली की मी तिच्या खालून दोरा ताणतो, वर मधोमध आमच्या कारभारणीला उभं करतो आणि लोखंड दोऱ्याकडं किती खाली आलं ते आगपेटीच्या काड्या घालून मोजतो. एक काडी आलं तर माल पास. दोन काड्या आलं तर खाली आणखी एक जाड लोखंडी चॅनेल ठोकायचं. कारभारणीचं वजन किती हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही, पण आसपासच्या सगळ्या ट्रॉल्यांना ठाऊक आहे.

पोरगा पूर्णेला रेल्वेत. सून परभणीला डिप्लोमा केलेली, ती माझ्या दुकानात. तिनं ठरवलं, फाटकावरची नक्षी कॉम्प्युटरनं कापायची. मशीन अशी: खाली बारा फुटी टेबल, दोन्ही बाजूंना रूळ, रुळांवर एक आडवा पूल. पूल पुढं-मागं धावणार, पुलावरची ज्योत डावी-उजवी जाऊन पत्रा कापणार. मोटारी तिनं आधीच आणल्या होत्या. एकेक नारळाएवढी.

"मामा, पूल हलका पायजे आन ताठ पायजे."

"हलकं हाय ते ताठ कसं ऱ्हाईल गं?"

"पातळ पोकळ पाईप घ्यायचे, त्रिकोणात जोडायचे."

"पोकळ? पोकळ माल मी कुणाला दिला न्हाई. आन वर माणूस बसला तर?"

"पुलावर कोन बसंल मामा? चार किलोचं हत्यार हाय त्याच्यावर, बस."

"आपल्याकडं सपाट काही दिसलं की माणूस बसतोच. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसायची सोय कुणी केली होती का?"

ती हसली. मला ते लागलं. दुकानात चहा प्यायला बसलेल्या चार गिऱ्हाइकांसमोर मी बोलून गेलो, "माझा पूल हलला तर हा होल्डर तुझ्या हातात देईन आन ओट्यावर जाऊन बसंन." वेल्डिंगचा होल्डर मी सख्ख्या पोराच्या हातात दिलेला नाही. पण चार जणांनी ऐकलं होतं.

मी ट्रॉलीच्या चॅसीचे दोन चॅनेल घेतले, मधे जाड पट्ट्या टाकल्या. पूल सहा जणांनी उचलून रुळांवर ठेवला. पहिलंच काम मोराचं होतं. पूल सुसाट निघाला, पण वळायच्या जागी वळेना. वीतभर पुढं जायचा, थरथरायचा, मग आठवण आल्यासारखा मागं यायचा. मी आणखी एक चॅनेल ठोकलं. मग तो थरथरायलाही वेळ घ्यायला लागला.

गिऱ्हाईक आलं.

"मिस्त्री, मी मोर म्हनलो होतो."

"मोरच हाय."

"मग ह्याला वशिंड कसं?"

"जातिवंत मोराला असतंय."

"आन माना तीन?"

"नाचायलाय तो. नाचताना मान एका जागी ऱ्हाती का?"

त्यानं तो पत्रा गोठ्याच्या दाराला लावला. म्हैस दोन दिवस आत जाईना.

 सून म्हणाली, "मामा, तुमचाच दोरा ताना की पुलाखाली."

मी ताणला. कारभारीण अजून खालीच उभी होती, पदर खोचत होती, आणि तीन काड्या! पूल स्वतःच्याच वजनानं वाकलेला. दोरा माझा, काड्या माझ्या. एवढं लोखंड मी त्याला ताठ ठेवायला घातलं आणि ते बिचारं स्वतःलाच पेलण्यात दमून गेलं होतं.

मग तिनं फरशीवर खडूनं आखलं. पातळ चौकोनी पाईप, त्यांची पेटी, पेटीत तिरप्या पट्ट्या. जिकडं बघावं तिकडं त्रिकोण. जोडणी मात्र मीच केली. पातळ पाईप एकाच बाजूनं जोडत गेलं की तापून धनुष्यासारखा वाकतो. मी एक टाका इथं घातला, एक पार तिकडं, मधे बिडी. हे डिप्लोमात नाही. तयार पूल सासू-सुनेनं दोघींनी उचलून ठेवला. कारभारीण वर चढली. अर्धी काडी.

"माझं वजन कमी झालं का काय?" ती वरूनच म्हणाली.

तिसऱ्या मोराला एकच मान आली. मी होल्डर सुनेच्या हातात दिला आणि शेडसमोरच्या ओट्यावर जाऊन बसलो. आठ दिवस बसलो. हातांचं काय करायचं ते कळेना.

नवव्या दिवशी वीज गेली. कारभारीण सुपात तूर घेऊन शेडमधे आली. तिचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. कमरेएवढा उंच, सपाट, सावलीतला पूल तिला दिसला. ती बसली आणि तूर निवडायला लागली. मी बघत होतो. बोललो नाही.

वीज आली. सुनेनं पार्टिशनमागून न बघता बटण दाबलं. ही मशीन ज्योत न पेटवता आधी हळूहळू आपल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते, मग कामाला लागते. ती निघाली. कारभारीण सुपासकट निघाली.

"आवो! आवो! हे कुटं न्यायलंय मला?"

मोटारी कण्हत होत्या, पण पूल जरासुद्धा थरथरला नाही. कोपऱ्यात जाऊन थांबला. मी ओट्यावरून उठलो तो आधी फरशी बघायला. सुपातला एक दाणा सांडला नव्हता.

सून पळत आली. "आत्याबाई, लागलं का?"

"लागायला काय झालं? ट्रॉलीपरीस बरं हाय."

"बसलं का कुणी?" मी विचारलं. "बसलं का न्हाई?"

 सून आत गेली, होल्डर आणला, माझ्यापुढं धरला. "बसलं मामा. घ्या. आता आत्याबाईंना बसायला एक फळी जोडून द्या त्याच्यावर."

मी होल्डर हातात घेतला. मूठ माझ्याच बोटांची झिजलेली.

"फळी कशाला?" मी म्हणालो. "उगाच वजन वाढंल."

होल्डर मात्र परत दिला नाही.