खालच्या बाईंचं टेबल

२०१७ साल. मी सत्तर वर्षांचा होतो आणि जगातलं कुठलंही मशीन मला घाबरतं, अशी माझी पक्की समजूत होती. सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, पत्रा दाबून भाग काढायच्या प्रेस शॉपला गेली. शाळा तिसरीपर्यंत, तीही सलग नाही. मशीनबरोबर येणारं पुस्तक मी कधी उघडलं नाही. ज्याला हात चालवता येत नाहीत त्यानं पुस्तक वाचावं, असं चारचौघांत सांगायचो. ही ऐट आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एका प्रश्नात उतरवली. प्रश्न त्यांचा ठरलेला. बंद पडलेला सीडी प्लेअर घेऊन कोणी दारात उभा राहिला की 'या, बसा' नाही, 'काय झालं' नाही. आधी विचारायच्या, "कुठं कुठं हात लावला?"

येणाराही ठरलेलं उत्तर द्यायचा, "कुठंच नाही."

"म्हणजे आपलं आपणच उघडलं आणि आपलं आपणच बिघडलं," बाई म्हणायच्या. "लय हुशार मशीन शे."

बाई देवळ्याकडच्या. एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण चिडल्या किंवा खूश झाल्या की तिकडची बोली बाहेर यायची. त्यांचं नाव कॉलनीत फार थोड्यांना माहीत. आम्ही वरचे, त्या खालच्या, म्हणून खालच्या बाई. तरुणपणी टीव्हीच्या कारखान्यात होत्या. लाइनवर तयार होऊन आलेला प्रत्येक संच त्यांच्या टेबलावर यायचा आणि चित्र-आवाज जुळवून पुढं जायचा. कारखाना बंद झाला, मालक गेले, टेबल मात्र बाईंनी घरी आणलं. पुढं नवरा वारला, मुलगी लग्न होऊन देवळ्याला गेली, आणि खिडकीशी ते टेबल आणि बाई एवढंच राहिलं. आता बाई नाहीत. म्हणून हे लिहायला बसलो. त्या असत्या तर विचारलं असतं, "आप्पा, आता कागदालाही हात लावला का?"

माझी त्यांची खरी ओळख माझ्याच मशीनमुळं झाली. पुतण्यानं फार वर्षांपूर्वी दुबईहून आणलेला सीडी प्लेअर, काळा, चांगला वजनदार. एक दिवस त्याचा ट्रे बाहेर येईना. मी झाकण उघडलं. आत बघतो तर हिरव्या पट्टीवर बारीक बारीक स्क्रू, आणि सगळे अर्धवट फिरवलेले! प्रेस शॉपमध्ये सैल स्क्रू दिसला की हात आपोआप पान्याकडं जातो. तिथं सैल स्क्रूनं लोकांची बोटं गेलेली मी पाहिली आहेत. तेव्हा मी बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक स्क्रू शेवटपर्यंत आवळला. वर सुनेला म्हणालो, "परदेशातले लोकसुद्धा काम अर्धवट ठेवतात बघ." नंतर ट्रे ओढून बाहेर काढला, सीडी ठेवली. मशीननं एकदा गुर्र केलं आणि गप्प झालं ते झालंच.

मशीन टॉवेलात गुंडाळून खाली गेलो. बाईंनी विचारलं, कुठं कुठं हात लावला. मी छाती काढून म्हणालो, "सगळीकडं. सगळे स्क्रू टाइट करून आणलेत."

 बाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारीण दारात आली.

"अहो आप्पा, ते आवळायचे स्क्रू नव्हेत. ते जुळवायचे असतात. रेडिओचं स्टेशन लावतो ना, तसे. जरासं इकडं, जरासं तिकडं. तुम्ही सगळ्यांचे कान पिळून ठेवलेत!"

वास्तविक तिथूनच मी वर यायला पाहिजे होतं. पण मी हट्टी माणूस. म्हणालो, "मग जुळवून दाखवा." त्यांनी जुळवलं, आणि मी दुसऱ्या दिवशी न बोलावता परत गेलो. पुढं रोजच जाऊ लागलो. कॉलनीत सांगायचो की बाईंना मदत करतो. बाई सांगायच्या की आप्पांना कामाला लावलंय, म्हणजे वरची मंडळी सुखात राहतील.

त्यांच्याकडं येणारी मशीनं सगळी जुनी. दुकानदार हात लावत नाहीत, म्हणतात फोनवर गाणी ऐका. पण ज्यांनी हौसेनं घेतलं त्यांचा जीव त्यात अडकलेला असतो. गंगापूर रोडच्या बंगल्यांतून लोक गाडीत मांडीवर मशीन घेऊन यायचे, आजारी लेकरू आणावं तसं. बाई त्यांना बाहेर बसवायच्या आणि मला आत शिकवायच्या. ज्या भिंगातून सीडी वाचली जाते त्याला त्या डोळा म्हणायच्या. "डोळ्याला बोट नाही लावायचं. तुमच्या डोळ्यात कोणी बोट घातलं तर चालेल का?" स्क्रू फिरवायच्या आधी त्याच्या मूळ जागेवर नेलपेंटची बारीक रेघ ओढायची, म्हणजे वाट चुकली तरी घरी परत येता येतं. ही नेलपेंटची बाटली आणायला मला बाजारात पाठवलं होतं. दुकानातली मुलगी विचारते, "आजोबा, शेड कुठली?" मी म्हणालो, "स्क्रूवर दिसेल अशी." ती अजून मला बघून हसते.

ट्रे ढकलणारा रबरी पट्टा सैल झाला की बाई तो उकळत्या पाण्यात घालायच्या; रबर आवळून येतं आणि नवा मिळेपर्यंत काम चालतं. हे ज्ञान मिळाल्याबरोबर मी वर जाऊन करून बघितलं. भांडं सुनेचं चहाचं होतं. संध्याकाळी पाहुणे आले. चहाचा घोट घेऊन व्याही म्हणाले, "चव वेगळी आहे, गवती चहा टाकलाय का?" सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "हो, टाकलाय." तेव्हापासून त्या भांड्यावर माझं नाव पडलं आणि चहा नव्या भांड्यात होऊ लागला.

माझ्याशिवाय बाईंचं अडत होतं, हेही खरं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नेलपेंटची रेघ त्यांना दिसायची नाही, मीटरवरचा आकडा दिसायचा नाही. मी रेघ ओढायचो, आकडा वाचायचो, सांगतील तेवढा स्क्रू फिरवायचो. मग त्या विहारातल्या बायकांनी म्हटलेल्या गाण्यांची एक जुनी सीडी लावायच्या आणि मेथी निवडत बसायच्या. मेथी निवडता निवडता एकदम हात थांबायचा. "जास्त झालं. डोळा किरकिरतोय. रातकिड्यासारखा. मागं घ्या."

मला किरकिर कधीच ऐकू आली नाही. ऐकू येईल कशी? प्रेस शॉपमध्ये दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं. तिथून बाहेर पडलो तेव्हा बारीक आवाज तिथंच ठेवून आलो होतो. पण हे मी आज लिहितोय. तेव्हा माझं ठाम मत होतं की बाई भाव खाण्यासाठी किरकिर काढतात. खात्री करायला एकदा सुनेला खाली नेलं आणि सीडी लावून हळूच विचारलं, "काही किरकिर येते का गं?"

"हो आप्पा, केव्हाची येतेय. तुम्ही काही बोलत नव्हता, मला वाटलं असंच वाजतं हे."

मी त्यावरून एवढंच ताडलं की सून बाईंना फितूर झाली आहे.

बाईंनी मात्र बरोबर ताडलं होतं. एकदा मेथीची जुडी सोडता सोडता म्हणाल्या, "आप्पा, तुमच्या टीव्हीवर काय चाललंय ते मला खाली बसून कळतं. कानाला मशीन लावून घ्या."

"आणि तुम्ही डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या."

"डोळ्यात कोणी हत्यार घालणार? आत तुमच्यासारखा निघाला आणि सगळं आवळून ठेवलं तर?"

भांडण असं रोज चालायचं. शेवटी ठरलं, त्यांनी डोळे करायचे, मी कान. आधी त्या. मला वाटलं या बाई काही जात नाहीत, आपण सुटलो. बाई गेल्या. एक डोळा झाला, मग दुसरा झाला, काळा चष्मा लागला. चष्मा निघाला त्या दिवशी टेबलाशी बसून त्यांनी मी शिशाचे डाग देऊन जोडलेल्या पट्ट्या एकेक करून उजेडात धरल्या.  मग म्हणाल्या, "हाई काय शे, आप्पा? कावळे बसले होते का यावर?"

आता माझी पाळी होती. मी आज पाय दुखतो म्हणालो, उद्या लग्न आहे म्हणालो, परवा डॉक्टर गावाला गेलेत म्हणालो. खरं कारण वेगळंच होतं. आमच्या कारखान्यात ज्याच्या कानाला मशीन लागलं त्याला लोक हसायचे, खुणा करून बोलायचे, तो खलास झाला असं धरायचे. आणि गाण्याची मशीनं दुरुस्त करणाऱ्याच्याच कानाला मशीन! गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल, असं मला वाटायचं. तेव्हा माझं नाव जरा होऊ लागलं होतं. म्हणजे एका माणसानं मला मेकॅनिक म्हणून हाक मारली होती.

मग देवळ्याची मुलगी आली. जावई कांद्याच्या व्यापारात, घर मोठं, आईनं आता एकटीनं राहू नये असं तिचं म्हणणं. बाईंनी बरेच दिवस टाळलं आणि शेवटी हो म्हणाल्या. मला वाईट वाटलं. ते मी कसं दाखवलं असेल? विचारलं, "टेबलाचं काय करताय?"

बाई हसल्या. "मला वाटलंच होतं. टेबल, मीटर, हत्यारं, सगळं तुम्हालाच द्यायचंय. गिऱ्हाईकं पण. पण हे बहिऱ्या माणसाला नाही देणार. लोक विश्वासानं मशीन ठेवून जातात. तुम्ही किरकिरतं मशीन परत द्याल आणि महिन्यात त्याचा डोळा जाईल."

"मी बहिरा नाही."

"मग माझं स्वतःचं मशीन घ्या. एकट्यानं जुळवा. किरकिर नसली तर टेबल तुमचं. तोवर खोलीची किल्ली तुमच्याकडं राहू द्या, पण टेबलाशी बसायचं नाही."

मी इतकं मन लावून आयुष्यात काही केलं नाही. रेघा ओढल्या, डोळा स्पिरिटनं पुसला, मीटर पुन्हा पुन्हा बघितला, स्क्रू केसाएवढा फिरवला. विहाराची सीडी लावली आणि पाठ करून घेतली. सगळं स्वच्छ. सुनेला मात्र विचारलं नाही. फितूर माणसाला काय विचारायचं?

टेम्पो आला. सामान चढलं. मी बाईंचं मशीन टॉवेलात गुंडाळून दिलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि मुलीजवळ पुढं बसल्या. "तिथं शांतता असते, तिथं ऐकते," म्हणाल्या. मला काहीतरी बोलायचं होतं. मी टेम्पोवाल्याला म्हणालो, "खड्डे बघून चालव, आत मशीन आहे." बाई म्हणाल्या, "आणि मी पण आहे म्हणावं." टेम्पो गेला. खालची खोली उघडून मी टेबलाकडं बघत उभा राहिलो. बसलो नाही.

चार-सहा दिवसांनी संध्याकाळी फोन आला. सुनेनं स्पीकर लावून दिला.

"आप्पा, मशीन मांडलंय. फोन जवळ धरते. तुम्ही पण ऐका आणि सांगा."

"धरा."

मी डोळे मिटले. मान हलवली, तालही धरला. थोडा वेळ जाऊ दिला, घाई नको म्हणून. मग म्हणालो, "झकास! किरकिर नावाला नाही. बायकांचा आवाज कसा खणखणीत येतोय बघा."

 सून माझ्याकडं बघत होती. तिच्या हातातली चपाती तशीच राहिली होती.

"आप्पा," बाई म्हणाल्या. या वेळी हसत नव्हत्या. "मी अजून बटणच दाबलं नाही."

  सून उठून स्वयंपाकघरात गेली. मला लाज वाटू नये म्हणून गेली, हे कळायला मला कान लागले नाहीत.

"ऐकताय का?" बाईंनी विचारलं.

"तुमचं ऐकू येतंय."

"मग ऐका. डोळ्याच्या ऑपरेशनला मी घाबरले होते.  पण तुमच्याशी ठरलं होतं, म्हणून गेले. मला टेबल कोणाला तरी द्यायचंच शे, आप्पा. दुसऱ्याला द्यायला लावू नका."

फोन बंद झाला. मी जेवलो नाही असं सुनेनं नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे दोन चपात्या खाल्ल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, कोणाला न सांगता बस धरली आणि गंगापूर रोडला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. दवाखाना अजून उघडायचा होता, मी पायरीवर बसून राहिलो. तिथल्या मुलीनं मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं आणि मोठ्यानं, सावकाश म्हणाली, "आजोबा, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. नाही आला तर दाबायचं नाही."

ती काचेपलीकडं जाऊन बसली. सुरुवातीला दोन-चारदा दाबलं. मग सगळं शांत झालं. ती माझ्याकडं बघत होती, वाट बघत होती, आणि मी हातातलं बटण धरून बसून राहिलो. दाबलं नाही.